चार पॉइंट शून्य

गोठवलंय सगळं. सोमवारपासून
नवं काही घ्यायचं नाही, मोडलेलं तेवढं सांधायचं.
फॅरो बेटांवर, क्लाक्सविकच्या धक्क्याला लागून
मासळीच्या शीतगृहावर जी खोली आहे, तिच्यात
रान्वा बसलीय. पायांत मोज्यांचे दोन जोड.
एकेचाळीस बगांपैकी दोन उरलेत.

प्रवाह कधी उलटेल, एवढंच सांगतो हा प्रोग्राम:
दोन बेटांमधलं पाणी कुठल्या मिनिटाला
पाठ फिरवेल.
फुकट आहे. हवा त्याने न्यावा, उघडून पाहावा,
बिघडवावा, जमलंच तर नीट करून परत द्यावा.
चिलीतून नेल्दा स्पॅनिश शब्द पाठवते, वर सर्दीची तक्रार.
बुसानचा ह्योनसू, ज्याचा चेहरा कुणी पाहिलेला नाही,
रोज एखादी ओळ कमी करतो
आणि त्याबद्दल अवाक्षर बोलत नाही.
पगार कुणालाच नाही.

आज आवराआवर.
परवान्यातलं साल बदललं.
बदलांची यादी लिहायला घेतली.
नवीन. सुधारलेलं. काढून टाकलेलं.
तिथे हात थबकला.

काढायचं होतं ते एय्युनचं फंक्शन,
अकरा वर्षांपूर्वीचं, नऊ ओळींचं,
आणि डोक्यावर त्याचीच टीप:
हे का चालतं ते सांगत बसत नाही. हात लावू नका.
असलं बोलणं घरात खपतं.
तिने नऊच्या नऊ ओळी पुसल्या,
जागी स्वच्छ गणित बसवलं
आणि सहाशे बारा चाचण्या सोडल्या.

हिरवी. हिरवी. हिरवी.
केटल उकळली. हिरवी.
पाचशे अठ्ठ्याण्णवावी लाल.

एका चिंचोळ्या सामुद्रधुनीत, फक्त तिथेच,
चौदा मिनिटांची चूक.
पुन्हा चालवलं. चौदा.
चंद्र बरोबर होता, सूर्य बरोबर होता,
बेरीज तीन वेळा ताडून पाहिली.
चौदा.

वृद्धाश्रमातली नर्स आधी नाहीच म्हणाली,
साडेनऊ वाजलेत, निजायची वेळ आहे त्यांची.
मग टीव्हीचा आवाज, मग खोकला, मग तो.
"हां, ती होय. तिथे तळाशी पायरी आहे एक.
पाणी तिच्यापाशी येतं आणि जरा विचार करतं.
सात उन्हाळे उभा होतो मी खडकावर, घड्याळ घेऊन.
मेंढ्या बघायच्या माझ्याकडे."
"मग हे लिहिलं का नाहीस?"
"लिहिलं की. हात लावू नका."

नऊ ओळी तिने परत आणल्या नाहीत.
चौदा तेवढा ठेवला. त्याला नाव दिलं.
खाली लिहिलं, कुणी मोजला, कुठे उभं राहून,
किती उन्हाळे.
मेंढ्या गाळल्या.
मग पुन्हा घातल्या.
सहाशे बारा.

मग टॅग. मग ती एक कळ,
जिच्यासाठी आठ महिने रविवार गेले,
आईचा साठावा वाढदिवस अर्धा गेला.
दाबली.
काहीच झालं नाही. म्हणजे झालं असणार,
कुठल्या कुठल्या सर्व्हरांवर,
पण खिडकीत धुकं होतं तेच होतं,
आणि पायाखाली शीतगृहाचा कॉम्प्रेसर
आपला घुरघुरत.

पहाटे धक्क्यावर हान्नुस दोर सोडत होता.
तिला राहवेना. चार पॉइंट शून्य आली, तिने सांगितलं.
"माझ्याकडे तीन पॉइंट एक आहे," तो म्हणाला,
"चाललंय की."
आणि गेला बोट घेऊन. अगदी वेळेवर.

घरी येऊन ती जेमतेम आडवी झाली
तोच उशाशी फोन थरथरला. ह्योनसू.
अभिनंदन. फार छान झालीय.
फक्त पहिल्या पानावर, दुसऱ्या ओळीत,
एय्युनच्या नावातलं एक अक्षर राहून गेलंय.

ती उठली. मोजे शोधले,
एकच जोड सापडला.
चार पॉइंट शून्य पॉइंट एक.